स्पोर्ट क्वाड घेऊ की डर्ट बाईक? दोन्ही चालवून बघितल्या आणि जास्तच गोंधळलोय

रानवाट

मंडळी नमस्कार. बरेच महिने नुसतं वाचतोय, लिहितोय आज पहिल्यांदा, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ३६, उंची ५ फूट ६ इंच, वजन ७२. रस्त्यावर मोटरसायकल कॉलेजपासून चालवतोय, पण मातीत अनुभव शून्य. आमच्या चार मित्रांचा ग्रुप दर रविवारी पहाटे निघतो, त्यातल्या तिघांकडे डर्ट बाईक आणि एकाकडे यामाहाचा वायएफझेड ४५०आर क्वाड, म्हणजे मातीत चालवायची चार चाकांची हँडलवाली गाडी, आहे. जिथे जातात तिथे दोन प्रकारची जमीन आहे, एक मोठं मोकळं वाळूचं मैदान, आणि त्याला लागूनच झाडीत शिरणारी अरुंद वाट, मुळं, सुटे दगड, मधेमधे चांगलेच चढ. ग्रुप अर्धा वेळ वाळूत असतो, अर्धा वेळ झाडीत, आणि क्वाडवाला मित्र झाडीच्या तोंडाशी थांबून त्यांची वाट बघतो.

मागच्या रविवारी दोन्ही चालवून बघितल्या, दोन्ही फक्त वाळूत. क्वाडवर बसलो आणि दहा मिनिटांत असं वाटलं की मी हे वर्षानुवर्षं करतोय, सरळ पट्ट्यात तर तिसऱ्या गिअरपर्यंत गेलो. उतरलो तेव्हा गाल दुखत होते इतका हसत होतो. मग मित्राची बाईक घेतली, ४५० सीसी मोटोक्रॉस, आणि तासाभरात पाच वेळा पडलो. दोन वेळा तर नुसतं निघतानाच, पाय टेकेना, क्लच सोडला की उडीच मारायची. त्या एका तासाने मी पूर्ण खचलो खरं सांगायचं तर.

बायकोचं म्हणणं आहे की घ्यायचंच असेल तर चार चाकांचं घे, निदान पडणार तरी नाहीस. मलाही तसंच वाटतंय. पण ग्रुपमधले दोघं म्हणतात क्वाड घेतलास तर सहा महिन्यांत विकशील. एकच गाडी घेता येणार आहे, दोन नाही. सेफ्टी, शिकायला लागणारा वेळ, मेंटेनन्स, या तिन्हीचं खरं खरं सांगा. आणि अजून एक, मुलगा ९ वर्षांचा आहे, क्वाड घेतला तर त्याला मागे बसवून हळूहळू फिरवता येईल का? हा पण एक मुद्दा आहे माझ्या डोक्यात.

धुळाक्षरे

सगळ्यात आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. नाही. स्पोर्ट क्वाडवर मागे कुणालाच बसवायचं नसतं, लहान मूल तर नाहीच नाही. त्याची सीट लांब दिसते ती चालवणाऱ्याला पुढेमागे सरकायला, दुसऱ्यासाठी नाही. क्वाड तोलायचा म्हणजे आपलं अंग सतत इकडून तिकडे टाकावं लागतं, मागे मूल चिकटलेलं असेल तर तुम्ही हलणारच नाही, आणि हलला नाहीत की तो उलटतो. हळू चालवलं तरी. मोठ्या क्वाडवर १६ वर्षांखालच्यांसाठी नाही असं स्टिकरच असतं, आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही हेच म्हणणं आहे की १६ च्या आत मुलांना क्वाडवर बसवू नका. मुलाला सायकल नीट येत असेल तर त्याच्या मापाची छोटी बाईक बघा, होंडा सीआरएफ ११०एफ सारखी, क्लच दाबायचा नसतो, सीट खाली असते, थ्रॉटल किती उघडेल ते आपण स्क्रूने बांधून ठेवू शकतो. पण ते नंतर.

आता तुमचं. मी चार वर्षं क्वाड चालवला आणि आता सात वर्षं डर्ट बाईक चालवतेय, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगू शकते. तुम्ही जी तुलना केलीत ना, ती तुलनाच नव्हे. ४५० मोटोक्रॉस ही रेस ट्रॅकसाठी बनवलेली गाडी आहे. सीट जमिनीपासून साडेनऊशे मिलिमीटरच्या वर, सस्पेन्शन उड्या मारून खाली येण्यासाठी कडक केलेलं, पहिला गिअर उंच, आणि ताकद इतकी की मनगट चुकून अर्धा सेंटिमीटर जास्त वळलं तरी पुढचं चाक हवेत. नवशिक्याला त्यावर बसवणं ही तुमच्या मित्राची चूक, तुमची नाही. पाच वेळा पडून उठलात आणि हाडं शाबूत आहेत हे चांगलंच झालं.

तुमच्या उंचीला आणि अनुभवाला यामाहा टीटी-आर २३० किंवा होंडा सीआरएफ २५०एफ या जातीची गाडी चालवून बघा. एअर कूल्ड, बटन स्टार्ट, सीट ८७० ते ८८० च्या आसपास, तुम्ही बसलात की सस्पेन्शन दबून अजून थोडी खाली येते. थ्रॉटल उघडला की अंगावर येत नाही, हळूहळू ओढते. वजन साधारण ११५ ते १२०, म्हणजे ४५० पेक्षा थोडं जास्तच, पण ते खाली असतं आणि इंजिन शांत असतं, त्यामुळे हलकी वाटते.

आणि वहिनींना सांगा की "चार चाकं म्हणजे पडत नाही" हे उभ्या गाडीबद्दल खरं आहे. चालत्या गाडीबद्दल नाही. बाईक सारखी पडते, पण लहान लहान पडते, बहुतेक वेळा बाईक एका बाजूला आणि आपण दुसऱ्या बाजूला, उठायचं, हँडल सरळ करायचं, निघायचं. क्वाड महिनोनमहिने पडत नाही आणि मग एक दिवस उलटतो तेव्हा १८० किलोपेक्षा जास्त लोखंड तुमच्याबरोबर गडगडत येतं आणि बऱ्याचदा अंगावर थांबतं. बाईक पहिल्या दिवसापासून तुम्हाला सांगत राहते की तुम्हाला काय येत नाही. क्वाड सांगत नाही. तुम्हाला दहा मिनिटांत जे वाटलं की वर्षानुवर्षं करतोय, मला सगळ्यात जास्त काळजी त्या वाक्याची वाटली.

गिअर_पहिला

सरळ ३०० टू स्ट्रोक एंड्युरो (झाडी-डोंगरातल्या वाटांसाठीची बाईक) घे भावा. हलकी, चढावर राणी, आयुष्यभर पुरेल.

धुळाक्षरे

@गिअर_पहिला गाडी झकास आहे यात वाद नाही, पण त्यांना क्लच सोडता येत नाहीये अजून आणि सीट तीही ४५० एवढीच उंच. दोन वर्षांनी नक्की. आज नको.

जुना_क्वाडवाला

मी क्वाडच्या बाजूने लिहिणार आहे, नावावरून कळलंच असेल. पण आधी ताईंनी जे लिहिलंय त्यातल्या अंगावर येणाऱ्या भागाला माझं पूर्ण अनुमोदन, तो अनुभव मी घेतलाय, खाली सांगतो.

मित्रा तुला वाळूत जे वाटलं ते खोटं नव्हतं. वाळूत स्पोर्ट क्वाडसारखी मजा दुसऱ्या कशातच नाही. बाईक वाळूत पुढचं चाक खुपसते, सतत गॅस ठेवावा लागतो, थांबली की रुतते. क्वाड तरंगतो. मागे पॅडल टायर लाव, वल्ह्यासारख्या पट्ट्यांचे वाळूचे टायर, आणि वळणावर मागचा भाग असा पसरून दे की धुळीचा पंखा उघडतो. हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. मी १९९० च्या दशकात यामाहा बॅन्शीवर शिकलो, ३५० ची ट्विन टू स्ट्रोक, त्या गाडीचा आवाज अजून कानात आहे. ती १९८७ मध्ये आली आणि अमेरिकेत २००६ पर्यंत विकली गेली, एवढा काळ जवळपास तशीच, यावरून काय ते समज.

पण क्वाड म्हणजे चार चाकांची बाईक नव्हे हे डोक्यात पक्कं बसव, कारण तू रस्त्यावरची बाईक चालवून आलायस आणि तुझ्या अंगात ज्या सवयी आहेत त्यातल्या दोन क्वाडवर घात करतात. पहिली, बाईक वेगात असताना डावीकडे जायचं तर आपण नकळत डावं हँडल पुढे ढकलतो, त्यानेच ती झुकते. क्वाडवर डावं हँडल पुढे ढकललंस की चाकं उजवीकडे वळतात आणि क्वाड उजवीकडे जातो, झाडात. दुसरी सवय पाय टेकायची. थांबताना किंवा तोल गेल्यासारखं वाटलं की पाय आपोआप खाली जातो, आणि क्वाडचं मागचं चाक बरोबर त्या पायाच्या मागून येत असतं. टाच, घोटा, पोटरी ओढून घेतं आत. म्हणून पायाशी जाळीचे नर्फ बार लावतात. ते लाव आणि तरीही पाय पेगवरून, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यावरून, काढू नकोस, काही झालं तरी.

वळायचं कसं हेही कुणी सांगत नाही. स्पोर्ट क्वाडला मागे डिफरन्शियल नसतं, एकच सलग एक्सल, दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरतात. त्यामुळे हँडल वळवलं तरी मागची चाकं सरळच ढकलत राहतात. वळवायचा तर पार्श्वभाग सीटवरून आतल्या बाजूला सरकवायचा, डोकं आणि खांदे वळणाच्या आत, बाहेरच्या पेगवर पाय रोवायचा आणि गॅसने मागचा भाग सरकवायचा. बाईकवर नेमकं उलटं, बाईक खाली झुकवायची आणि आपण तिच्या वर सरळ बसायचं. म्हणूनच थ्रॉटलही अंगठ्याचा असतो, अंग इतकं बाहेर टाकताना मनगटाचा थ्रॉटल आपोआप उघडला असता. पहिले दोन महिने अंगठ्याच्या मुळाशी इतकं दुखतं की पाण्याची बाटली उघडत नाही.

आता माझा प्रसंग. एक चढ होता, दहा वेळा चढलेला. अकराव्या वेळी अर्ध्यावर गिअर चुकला, इंजिन बंद. बाईक असती तर आडवी टाकली असती, हँडल धरून फिरवली असती आणि उतरलो असतो. क्वाड मागे घरंगळायला लागला, मी घाबरून मागचा ब्रेक गच्च दाबला, आणि तो मागच्या चाकांवर उभा राहून माझ्यावर आला. मी बाजूला उडी मारली म्हणून फक्त मांडी सापडली. ग्रॅब बार, म्हणजे मागचा धरायचा दांडा, जमिनीत रुतला म्हणून अख्खा बसला नाही. त्या दिवशी एकटा असतो तर काय, हा विचार अजून येतो मनात. तेव्हापासून मनगटाला दोरी बांधल्याशिवाय क्वाड सुरू करत नाही, माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं. काही स्पोर्ट क्वाडवर ही सोय लावून मिळते, लोक काढून टाकतात. काढू नकोस.

चढावर अडकलास तर वजन पुढे, आधी पुढचा ब्रेक हळूहळू धरायचा, पूर्ण थांबला की मागचाही, मग पार्किंग ब्रेक, आणि उतरायचं ते चढाच्या बाजूला. आडव्या उतारावरून जाताना अंग डोंगराकडे. आणि एकटं जायचं नाही.

एवढं सगळं सांगूनही मी क्वाड सोडलेला नाही, सोडणारही नाही. पण तू लिहिलंयस की अर्धा वेळ ग्रुप झाडीत असतो. वायएफझेडची रुंदी १२४ सेंटिमीटर आहे. टेप घेऊन जा आणि त्या वाटेवरची पहिली दोन झाडं मोज. तुझा क्वाडवाला मित्र तोंडाशी थांबतो ते त्याला यायचं नसतं म्हणून नाही.

गुडघा_नंबर_दोन

एक वेगळी बाजू मांडतो. मी २० वर्षं डर्ट बाईक चालवली, मग डाव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं, आणि आता क्वाडवर आहे. बाईकवर वळणात आतला पाय पुढे काढतो ना आपण, तो पाय चाकोरीत किंवा मुळात अडकला आणि गाडी पुढे गेली की गुडघा पिळतो, माझा असाच गेला. क्वाडवर पाय काढायचाच नसतो. त्यामुळे ज्याचा गुडघा खराब आहे, ज्याला शंभरवर किलोची गाडी दिवसातून पंधरा वेळा उचलणं शक्य नाही, त्याच्यासाठी क्वाड ही तडजोड नाही, योग्य निवड आहे. फक्त त्याला आराम समजू नका. गुडघा वाचतो पण कंबर, खांदे आणि मनगटं जास्त राबतात, कारण पुढच्या दोन चाकांपैकी एकच दगडावर चढलं की हँडल झटकन हातातून निसटू बघतं. मी स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे हँडलचे झटके शोषणारा भाग, लावला तेव्हा कुठे तासभर सलग चालवायला लागलो.

रानवाट, तुमचे गुडघे धड असतील तर माझं मत मोजू नका, पण नसतील तर आत्ताच सांगा, सगळं चित्र बदलेल.

रानवाट

बापरे, एवढं मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, दोनदा वाचलं, बायकोलाही वाचायला दिलं. मांडी सापडल्याचा भाग वाचून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की मला वाटलं होतं त्याच्या उलटंच आहे हे.

मुलाला मागे बसवायचा विषय संपला. ताई, तुम्ही स्पष्ट नाही म्हणालात त्याबद्दल खरंच आभार, मी ते करणार होतो.

गुडघे ठीक आहेत, उजवा घोटा एकदा मुरगळलाय कॉलेजमध्ये, बाकी काही नाही. काल संध्याकाळी मुद्दाम टेप घेऊन गेलो त्या वाटेवर. पहिली दोन झाडं १०५ सेंटिमीटर. पुढे एका ठिकाणी दोन दगडांमधे ९० पण नाही. म्हणजे क्वाड घेतला तर मीही तोंडाशी थांबणार, हे आधी का सुचलं नाही कळत नाही.

पण मन वाळूतच अडकलंय अजून. आणि मेंटेनन्सबद्दल कुणी बोललंच नाही. नवीन नाही घेणार, वापरलेलीच घेणार आहे, त्यामुळे काय बघायचं तेही सांगा.

पाना_नंबर_दहा

याच गाड्या उघडतो रोज, त्यामुळे यावर मी बोलतो.

सोप्या हिशेबात सांगायचं तर क्वाडला बाईकपेक्षा सगळं जास्त आहे. टायर चार, पुढे शॉक दोन, पुढची चाकं फ्रेमला जोडणारे ए-आर्म वरचे खालचे मिळून चार, त्यांचे बॉल जॉईंट, टाय रॉडची टोकं, मागे एक्सलचं बेअरिंग वेगळं. चिखलपाण्यातून रोज जात असेल तर हे सगळं एकेक करून खेळ धरतं. बाईकला पुढे फोर्क, मागे एक शॉक, लिंकेज, स्टिअरिंगचं बेअरिंग, चाकांची बेअरिंग, झालं. चेन स्प्रॉकेट दोघांनाही आहेच पण क्वाड जड असल्यामुळे त्याचं लवकर झिजतं.

इंजिनाचं म्हणाल तर फरक क्वाड आणि बाईक असा नाहीच, रेसचं इंजिन आणि साधं इंजिन असा आहे. वायएफझेड ४५०आर चं इंजिन आणि ४५० मोटोक्रॉसचं इंजिन, दोन्हींना किलोमीटर नाही, तास मोजतात. ऑइल थोड्या थोड्या तासांनी, व्हॉल्व्हचा गॅप वेळेवर तपासायचा, पिस्टनलाही आयुष्य आहे. ते दुर्लक्षित केलं की इंजिन हळूहळू जात नाही, एकदम जातं. उलट वर ज्या एअर कूल्ड २३०, २५० सांगितल्यात त्या वर्षानुवर्षं ऑइल, एअर फिल्टर आणि चेन एवढ्यावर चालतात. एअर फिल्टर मात्र दोन्हीकडे धर्म समजून करा. वाळूत एका दिवसात भरतो. धुवायचा, वाळवायचा, फिल्टरचं ऑइल चोळायचं, बसवताना कडेला ग्रीस. फिल्टरच्या मागच्या नळीत बोट फिरवून बघा, बोटाला धूळ लागली तर ती गाडी आतून वाळू खाल्लेली आहे, कितीही चकाचक दिसली तरी घेऊ नका.

वापरलेला क्वाड बघताना पुढचा भाग स्टँडवर उचला, एकेक चाक वर खाली आणि डावं उजवं हलवा, टकटक आली की बॉल जॉईंट नाहीतर बेअरिंग. मागे एक्सल दोन्ही हातांनी धरून वर उचलून बघा. मग चाकं हळू फिरवून बघा, एक्सल वाकलेला असेल तर चाक डुलतं. फ्रेमला ए-आर्म जिथे जोडलेत तिथे वेल्डिंगवर तडा आहे का, नवीन रंग फक्त तिथेच मारलाय का, हे बघा. ज्या क्वाडने उड्या मारल्यात तो तिथेच सांगतो.

बाईकला फोर्कवर तेलाचा ओघळ, स्पोक ढिले, हँडल सरळ धरल्यावर पुढचं चाक तिरकं, मागचं चाक उचलून धरल्यावर लिंकेजमधे खेळ. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा, जाऊन हात लावा, विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत या.

टायरच्या हवेचंही सांगतो, कारण हे नवीन लोक हमखास चुकतात. क्वाडच्या टायरमधे ४-५ पीएसआय एवढीच हवा असते, साध्या पंपाच्या काट्यावर ती दिसतही नाही, कमी प्रेशरचं वेगळं गेज लागतं. डाव्या उजव्यात एका पीएसआयचा फरक पडला तरी क्वाड एका बाजूला ओढतो, आणि लोक अलाइनमेंट करत बसतात. बाईकला १२ ते १४ ठेवा, वाळूत थोडी कमी केली तरी चालते.

अजून एक, पार्ट्सचं. ४५० स्पोर्ट क्वाड एकेकाळी होंडा, सुझुकी, कावासाकी सगळेच बनवायचे. आता जपानी कंपन्यांत त्या वर्गात यामाहाच उरली. बाकीच्यांचे वापरलेले अजून फिरतात, चांगलेही आहेत, पण घेण्याआधी प्लॅस्टिक, वायरिंग, सीडीआय (स्पार्क सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) असल्या गोष्टी मिळतात का ते विचारून घ्या.

जुना_क्वाडवाला

हे शेवटचं वाचून वाईट वाटलं पण खरं आहे. होंडा टीआरएक्स ४५०आर, सुझुकी एलटी-आर ४५०, कावासाकी केएफएक्स ४५०आर, एका काळात दरवर्षी काहीतरी नवीन यायचं, कोण जास्त रुंद, कोण जास्त खाली, नुसती स्पर्धा. डकार रॅलीतसुद्धा २००९ पासून क्वाडचा वेगळा वर्ग होता, २०२४ नंतर तो बंद केला. मी रात्री जागून बघायचो ते. साध्या रॅप्टर ७०० वर माणसं दोन दोन आठवडे वाळवंट पार करायची. डर्ट बाईकवाल्यांना कळणार नाही ते कसं लागतं मनाला.

तरीही रानवाट, ९० सेंटिमीटरवर वाद संपला. गाडी कुठली चांगली हा प्रश्नच नाही उरत, तुझ्या चार मित्रांतले तिघं जिथे जातात तिथे तुला जाता आलं पाहिजे. वाळूसाठी तुझ्या त्या क्वाडवाल्या मित्राशी अदलाबदल कर, त्यालाही एखाद दिवशी झाडी बघू दे.

धुळाक्षरे

अंगावर घालायच्या गिअरबद्दल दोन ओळी. कुठलीही घ्या पण बूट आधी घ्या, खरे मोटोक्रॉसचे, घोट्याच्या वर गच्च बसणारे, तुमचा तो मुरगळलेला घोटा आहे त्यासाठी तर नक्कीच. रस्त्यावरचं रायडिंगचं जॅकेट मातीत चालत नाही, घामाने जीव जातो आणि दोन तासांत चक्कर येते. हेल्मेट, गॉगल, छातीचं गार्ड, गुडघ्याचं गार्ड. मी पहिल्या वर्षी गुडघ्याचं गार्ड टाळलं होतं, माझा उजवा गुडघा अजून पाऊस यायच्या आधी मला सांगतो.

रानवाट

तीन आठवड्यांनी येतोय.

ग्रुपमधल्या एकाच्या भावाकडे जुनी टीटी-आर २३० पडून होती, दोन रविवार ती मागून घेतली. पहिल्या रविवारी वाळूकडे गेलोच नाही, सपाट मातीवर नुसतं निघणं, थांबणं, आठ आकडा काढणं. पाय टेकत होते दोन्ही, चवड्यावर का होईना. पूर्ण सकाळीत दोनदा पडलो, दोन्ही वेळा जवळपास उभ्या गाडीवरून. दुसऱ्या रविवारी त्या झाडीत शिरलो. ते ९० सेंटिमीटरचे दोन दगड आहेत ना, तिथे श्वास रोखून गेलो आणि पलीकडे एक ओढा आहे, मोठमोठे खडक, वरून पानांचं छत, तिथे हे तिघं दर रविवारी बसून डबा खातात आणि मला दोन वर्षांत कुणी सांगितलंच नाही. म्हणजे सांगून कळलंही नसतं.

बायको आली होती बघायला. मी तिच्यासमोरच पडलो, उठलो, किक न मारता बटन दाबलं आणि निघालो. ती म्हणाली, ठीक आहे, घे.

तर तीच गाडी घेतोय. पानावाले दादा, फिल्टरच्या नळीत बोट फिरवलं, स्वच्छ निघालं. फोर्कचं एक सील गळतंय ते बदलून घेणार. वाळूची हौस क्वाडवाल्या मित्राच्या कृपेने भागतेय, आणि दादा, तुम्ही म्हणालात तसं पाय पेगवरून काढला नाही, एकदाच विसरलो आणि बूट चाकाला घासला, आतून हादरलो.

एकच अडचण उरलीय. वाळूत ही बाईक पुढून वेडीवाकडी चालते, हँडल डावी उजवीकडे आपोआप फिरतं, मी जितकं घट्ट धरतो तितकी जास्त. काय चुकतंय?

जुना_क्वाडवाला

घट्ट धरणंच चुकतंय. हे मी क्वाडवाला असूनही सांगू शकतो.

धुळाक्षरे

बरोबर सांगितलं दादांनी. वाळूत पुढचं चाक थोडं डुलणारच, त्याला डुलू द्यायचं. उभे राहा, गुडघ्यांनी टाकी धरा, वजन थोडं मागे, हात सैल, कोपरं बाहेर. आणि भीती वाटली की आपण गॅस सोडतो, तिथेच खरी गडबड होते, गॅस सोडला की वजन पुढे येतं आणि चाक खुपसतं. त्या क्षणी थोडा जास्त द्यायचा, पुढचा भाग हलका होतो आणि गाडी स्वतःच सरळ होते. नजर पुढच्या चाकावर नको, वीस पंचवीस मीटर लांब ठेवा. पुढच्या टायरमधली हवा १२ वर आणा, जास्त असेल आत्ता. आणि चालू करायच्या आधी सील बदला, गळणारा फोर्क वाळूत एक बाजू जास्त दाबतो असं काही नाही पण ते तेल पुढच्या डिस्कवर आलं की ब्रेक गेला समजा.